मामाच्या वाडीचं बिल

'तू मूळची कुठली गं?'

नव्या ऑफिसातला पहिला दिवस आणि हा प्रश्न. मी नेहमीचं उत्तर दिलं, 'मुंबईच्या जवळची.'

'म्हणजे ठाणे?' 'त्याच्या पुढे.' 'विरार?' 'त्याच्याही पुढे.'

विरारच्या पुढे माणसं राहतात यावर बीकेसीत फारसा कुणाचा विश्वास नसतो. शेवटी सांगावंच लागलं, बोईसर. त्यावर समोरचा एकदम खूश. 'ओह, तारापूर! ते न्यूक्लियरवालं? मग तू रात्री चमकतेस का?'

हा जोक मी कॉलेजपासून किमान शंभर वेळा ऐकलाय आणि शंभर वेळा हसलेय. करणार काय? आमच्या गावाची ओळखच तशी. 1969 साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. मागोमाग बोईसरला एमआयडीसी आली, कारखाने आले आणि त्यातल्या एका कारखान्याच्या नोकरीसाठी माझे बाबा आले. माझं बालपण गेलं ते शिफ्टच्या भोंग्यावर. वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे आम्ही नाकाने ओळखायचो. एमआयडीसीच्या सांडपाण्याचा प्रश्न पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, पण आमच्या नाकाला तो आधीपासूनच माहीत होता.

आई मात्र माहीमची. हलव्याचं माहीम नव्हे, केळवे-माहीममधलं माहीम. पालघर स्टेशनपासून समुद्राकडे गेलात की नारळ-सुपारीच्या वाड्या सुरू होतात ना, तो पट्टा. तिथे मामाची वाडी. एकच एकर, वर दोन-चार गुंठे. पानवेली, नारळ, केळी, थोडे चिकू, आणि हिवाळ्यात वालपापडी. बोईसरहून तासाभरात आम्ही तिथे पोचायचो आणि हवेचा वास बदलायचा. पण गंमत बघा, ऑफिसात 'कुठली?' विचारल्यावर मी ना बोईसर सांगायची, ना माहीम. 'मुंबईच्या जवळची.' बस्स.

तर झालं असं, की डिसेंबरात आमच्या एचआरने टीम आउटिंगची मेल पाठवली. थीम काय, तर 'रूरल'! सोबत एका रिसॉर्टचं ब्रोशर. गेटवर फोटोसाठी उभी केलेली बैलगाडी, रेन डान्स, अनलिमिटेड बार्बेक्यू आणि रात्री डीजे. मी पटकन बोलून गेले, 'यात गाव कुठाय?' बॉसने लॅपटॉपमधून मान वर केली. 'मग तू सुचव.'

आणि माझ्या तोंडून निघालं, 'माझ्या मामाची वाडी आहे.'

झालं! चौदा जणांनी लगेच हात वर केले.

मामाला फोन केला तर तो माझ्यापेक्षा जास्त एक्साइट. दुसऱ्या दिवशी त्याचाच उलट फोन आला. पालघरचा केटरर ठरवलाय, मेन्यू पक्का: पनीर, मंचुरियन, व्हेज पुलाव, गुलाबजाम. शिवाय भाच्याच्या मित्राकडून स्पीकर.

'मामा, अरे मंचुरियन तर आमच्या ऑफिसखालीच मिळतं. उकडहंडी कर ना!'

मामीने फोन हातात घेतला. 'अगं, वेडी का तू? एवढी एसीतली माणसं येणार आणि त्यांना मडक्यातलं खायला घालू? नाव ठेवतील.'

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण मामीच्या तोंडून मी माझाच आवाज ऐकत होते. बोईसर सांगायला मी लाजत होते, मडकं दाखवायला ती. दोघींना शिकवलं कुणी, कोण जाणे! अर्धा तास समजूत घातल्यावर केटरर कॅन्सल झाला. स्पीकर मात्र मामाने सोडला नाही.

जानेवारीतला शनिवार. सकाळची डहाणू लोकल. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि आमच्यासारख्यांचं आयुष्य बदललं, पण आमच्या टीमने विरारच्या पुढचा प्रवास पहिल्यांदाच केला. वैतरणेचा पूल आल्यावर सगळ्यांचे मोबाइल एकदम बाहेर. लखनऊच्या पोराने विचारलं, 'ये भी मुंबई लोकल का ही रूट है?' मी ऐटीत म्हणाले, 'इथून पुढे माझं राज्य.' आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. केळवे रोड गेलं, पालघरला उतरलो आणि रिक्षा करून वाडीवर.

पुढचे चार तास मी कुणाला काही दाखवलं नाही, वाडीनेच दाखवलं. मामाने पानवेलीचं पान कसं खुडायचं ते शिकवलं. नख लावून, देठ ठेवून, वेलीला धक्का न लावता. एका तासात आमच्या फायनान्सवाल्याची तेवीस पानं झाली. मामाची किती, हे त्याने विचारलं आणि मग गप्प बसला. बॉस पाटाच्या कडेने फोनवर बोलत चालला होता, तो फोनसकट पाटात! पाणी घोटाभर, पण सगळ्या टीमला वर्षभर पुरेल एवढं सुख मिळालं.

वाडीत कामाला एक मावशी येतात. वारली समाजातल्या, पाड्यावरून चालत येतात. त्यांनी कुदळीचे मोजके घाव घालून जमिनीतून कोनफळ काढलं, हे एवढं थोरलं. बंगळुरूच्या मैत्रिणीने ते हातात घेतलं, बाहेरून मातकट आणि कापल्यावर आत गर्द जांभळं. ती म्हणाली, 'हे तर डिझायनर रताळं!' मावशींनी मग पावसाळ्याच्या गोष्टी सांगितल्या. पहिल्या पावसानंतर रानात उगवणारी शेवळं, ती काकडांच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घसा कसा खाजतो, कोवळा टाकळा कुठला आणि जून कुठला. शेवळं जेमतेम पहिले काही आठवडे मिळतात. बाजारात त्यांची जुडी विकणारी बाई ती कुठून आणते, किती चालते, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

तेवढ्यात कुणीतरी उत्साहात म्हणालं, 'मावशी, तो वारली डान्स करून दाखवा ना!'

मी जमिनीत गडप व्हायचीच बाकी होते. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या कॉफी मगांवर वारली चित्रं आहेत. ती कला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे आमच्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पण मगावरची माणसं सांगाल तेव्हा नाचतात, खरी नाही. मावशी हसल्या. म्हणाल्या, 'तारपा वाजतो तो भाताच्या दिवसांत. आता भात झोडून झाला. आता कशाला?' आणि कोनफळं टोपलीत भरून निघून गेल्या.

बस्स, एवढंच. ना राग, ना लेक्चर. पण ज्याने विचारलं होतं तो नंतर बराच वेळ विहिरीपाशी एकटा बसला होता.

आता उकडहंडीचं. मडक्यात वालपापडीच्या शेंगा, कोनफळ, रताळी, छोटी वांगी, बटाटे. सगळ्याला ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लसणीच्या पातीचा मसाला चोळलेला. वरून तेलाचा हात सढळ. पाण्याचा मात्र थेंब नाही. भाज्यांच्या स्वतःच्या पाण्यावर, वाफेवर सगळं शिजतं. तोंडाला केळीचं पान दाबून बसवायचं आणि मंद आच. रायगडातली पोपटी आणि वलसाडकडचा उबाडियो ही याचीच चुलत भावंडं, आपापल्या गावची पानं आणि मसाले घेऊन आलेली. हिवाळ्यात कोवळी पापडी असते तोवरच या सगळ्यांची मजा. 'मे महिन्यात करा ना' म्हणालात तर मडकं आहे, पण आत घालायला काही नाही!

एक वाजला. दीड वाजला. 'लंच किती वाजता?' बॉसने दोनदा विचारलं. मामी म्हणाली, 'वास सांगेल तेव्हा.' सव्वादोनला वास आला. मामीने पान दूर केलं, वाफेचा ढग वर गेला आणि चौदा माणसं अक्षरशः गप्प झाली. सोबत तांदळाच्या गरम भाकऱ्या, सातपाटीहून आणलेल्या बोंबलांचं कालवण आणि तळलेलं पापलेट. लखनऊच्या पोराने पाच भाकऱ्या खाल्ल्या. बॉसने बोटं चाटली. मामी दारामागून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी कधीच विसरणार नाही.

आणि स्पीकर? तो लावायचं कुणाला सुचलंच नाही.

आता इथे ही गोष्ट संपायला हवी होती ना? टिपिकल हॅपी एण्डिंग. पण खरा सीन पुढेच होता.

निघताना बॉसने विचारलं, 'मामा, बिल किती झालं?' मामाने कानाला हात लावले. 'पाहुण्यांकडून कुणी पैसे घेतं का?' बॉसने आग्रह केला. मामा म्हणाला, 'बरं, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.' आमच्या माणसांनी आपापसात ठरवलं: माणशी तीनशे. चौदा जणांचे 4,200. मामाने ते न मोजता खिशात टाकले. परतीच्या लोकलमध्ये सगळे म्हणत होते, 'काय स्वस्तात भन्नाट दिवस झाला यार!' हीच माणसं ऑफिसखाली एका कॉफीला साडेतीनशे देतात आणि वर टिप ठेवतात. मीही देते.

मी त्यांच्यासोबत परत गेले नव्हते, पालघरला त्यांना गाडीत बसवून परत आले होते. हे सगळं मला ग्रुपवर वाचायला मिळालं. त्या रात्री मामी ओट्यावर डोकं टेकून बसली होती. मी एक वही काढली आणि म्हटलं, 'मामी, सांग. सगळं सांग.' ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांचे खर्चच मांडते, मग घरचा का नाही?

वाडीतली भाजी आणि नारळ बाजारात विकले असते तर आले असते 2,300. मासे 3,400. तांदूळ, तेल, दूध, लाकडं मिळून 1,400. मावशी आणि आणखी दोघीजणी दोन दिवस मदतीला होत्या, रोज चारशे, म्हणजे 2,400. बेरीज 9,500. हातात आले 4,200.

'आणि तुझे तीन दिवस?' मी विचारलं.

'माझे कसले?' मामी म्हणाली.

मला रडूच आलं. माझ्या टीमने मामीला लुटलं नव्हतं. त्यांनी दर विचारला होता, मीच सांगितला नाही. माझं माहेरचं घर, मामाचा मान, 'आपल्याकडे असं नसतं' वगैरे. पण 'आपल्याकडे असं नसतं' याचा खर्च दर वेळी कोण भरतं? मामाच्या मोठेपणाचं बिल मामीच्या नावावर फाटतं आणि मावशींची मजुरी मामीच्या डब्यातल्या पैशांतून जाते.

तुम्ही म्हणाल, एका दिवसाच्या जेवणाचा एवढा काय इश्यू? तर ऐका. माझा मामेभाऊ बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. त्याचं म्हणणं स्पष्ट आहे: वाडी विकून टाकू. आणि तो काही व्हिलन नाही. पाने खुडायला माणसं मिळत नाहीत, नारळावर चढणारा तर आठ-आठ दिवस येत नाही. शिवाय आमच्या भागात सध्या जमिनीचीच चर्चा. 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला येतंय. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, 76 हजार कोटींहून मोठा प्रकल्प. मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला, अजून त्यांची काळजी मिटलेली नाही. दलाल मात्र जाम खूश. आमच्या दारात त्यातला एक दोनदा येऊन गेलाय. त्याच्याकडे एकरचा दर तयार असतो. आपल्याकडे वाडीचा दर कुठे असतो? म्हणजे ती विकली तर किती, हे सगळ्यांना पाठ. पण ती ठेवली तर किती, हे कुणी मांडतच नाही.

त्या रात्री आम्ही ते मांडलं. 9,500 चा खर्च, त्यावर मामीचे तीन दिवस, वाडीची देखभाल. माणशी 1,000 रुपये. चौदा माणसांचे चौदा हजार, म्हणजे खर्च वजा जाता साडेचार हजार हातात. मामा ऐकून उठूनच गेला. 'हजार रुपये घेऊन जेवू घालायचं? आपण काय हॉटेलवाले?' मामी पहिल्यांदा त्याच्यावर आवाज चढवून बोलली, 'मग पुढच्या वेळी भाकऱ्या तुम्ही थापा.'

मामेभावाने मग माहिती काढली. ही काही आमचीच आयडिया नव्हती. बारामतीजवळ 2005 मध्ये पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला, अकोल्यातल्या पुरुषवाडीत लोक काजवे बघायला जातात आणि गावकऱ्यांच्या घरी जेवतात. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते आणि एक एकरवालाही त्यात बसतो. आमच्याच जिल्ह्यात बोर्डीला 2013 पासून चिकू फेस्टिव्हल सुरू झाला, 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय मिळालं, 2021 मध्ये वाडा कोलम तांदळाला. लोकांना इथलं खायचंय. आपल्यालाच ते वाढायची लाज!

दुसरा ग्रुप माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसचा. त्यांनी फोनवर घासाघीस केली, 'हजार? जेवणच तर आहे. सहाशे करा.' मामी शांतपणे म्हणाली, 'मग पुढच्या वेळी या.' आणि फोन ठेवला. मामा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याच ग्रुपचा फोन आला. हजारावर.

सुपरहिट वगैरे झालं असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात महिन्याला दोन शनिवार, बारापेक्षा जास्त माणसं नाहीत. पावसाच्या सुरुवातीला एक दिवस फक्त शेवळांसाठी ठेवलाय. त्या दिवशी रानात कुठे जायचं हे मावशी ठरवतात आणि त्यांचा वाटा वेगळा, आधी ठरलेला. नाचाबद्दल कुणी विचारलं तर उत्तरही त्याच देतात. एवढ्याने वाडी वाचेल का? नुसत्या शनिवारांवर नाही वाचणार. दलाल तिसऱ्यांदाही येऊन गेला. फरक एवढाच, की या वेळी मामेभावाने त्याला विचारलं, 'थांबा, आधी आमचा हिशोब बघू द्या,' आणि वही काढली. बुकिंगचे फोनही हल्ली तोच घेतो, लॅबमधून, लंच ब्रेकमध्ये.

तेव्हा मंडळी, पुढच्या वीकएण्डला एखाद्या वाडीवर, शेतावर जाणार असाल तर जरूर जा. उसाच्या गुऱ्हाळावर जा, चिकूच्या बागेत जा, ताडगोळ्यांच्या दिवसांत आमच्याकडे या. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. सीझन काय आहे ते आधी विचारा, मेन्यू नंतर. जेवायला किती वाजता मिळेल हे मडक्याला ठरवू द्या. आणि यजमान 'योग्य वाटेल ते द्या' म्हणाला तर खूश होऊ नका. स्वयंपाकघरात जा आणि तिथे जी असेल तिला दर विचारा.

परवा ऑफिसात नवीन मुलगी आली. तिने विचारलं, 'तू मूळची कुठली?'

'बोईसरची,' मी म्हणाले. 'आजोळ माहीम. हलव्याचं नव्हे, उकडहंडीचं.'

'ते न्यूक्लियरवालं बोईसर?'

'तेच. शनिवारी येतेस? माणशी हजार.'